दाराशी उभा पंच

२०२५च्या ऑक्टोबरमध्ये, फराळाच्या ऑर्डरी घेणं चालू असताना, शिकागोतल्या आमच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका शिट्टीवरून भांडण पेटलं. एका ताईंनी लिहिलं होतं की डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवरच्या वाणसामानाच्या दुकानात गल्ल्याशेजारी प्लास्टिकच्या शिट्ट्यांची टोपली ठेवली आहे. ज्याला हवी त्याने फुकट न्यावी आणि आइसची, म्हणजे इमिग्रेशन खात्याची, गाडी दिसली की वाजवावी. तासाभरात ग्रुपचे दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं : आम्ही पंधरा-पंधरा वर्षं रांगेत उभे आहोत, हे लोक भिंत ओलांडून आले, कायदा म्हणजे कायदा, त्यांच्यासाठी आपण शिट्ट्या कशाला फुंकायच्या? दुसऱ्या तटाचं : कुठलाही माणूस बेकायदा नसतो, ही सरळसरळ हिटलरशाही आहे. दोन दिवस वाद चालला आणि शेवटी अ‍ॅडमिनने ग्रुप बंद करून ठेवला.

मला तो वाद वाचताना त्रास झाला, कारण दोन्ही बाजू एकाच चुकीच्या प्रश्नावर भांडत होत्या. ज्याला पकडायला गाडी आली आहे तो माणूस चांगला की वाईट, दोषी की बिचारा, एवढीच चर्चा. शिट्टी वाजवणारा शेजारी नेमकं काय करतो, त्याबद्दल कुणी बोलेना. माझं मत आधीच सांगते. दारात येऊन उभा राहणारा, शिट्टी वाजवणारा, मोबाइलवर चित्रण करणारा शेजारी कायद्याविरुद्ध बंड करत नाही. तो पंचाचं, म्हणजे झडतीच्या वेळी हजर राहणाऱ्या साक्षीदाराचं, काम करतो. आणि ज्याच्या खिशात पासपोर्ट किंवा ग्रीन कार्ड आहे त्याच्यावर या कामाची जबाबदारी सगळ्यांत जास्त आहे, कारण त्याला ते सगळ्यांत कमी भीतीने करता येतं.

८ सप्टेंबर २०२५ला केंद्र सरकारने शिकागोत 'ऑपरेशन मिडवे ब्लिट्झ' जाहीर केलं. तोंडं झाकलेले एजंट बिनखुणेच्या गाड्यांतून लिटल व्हिलेज, पिल्सन, ब्रायटन पार्क, रॉजर्स पार्क अशा वस्त्यांत फिरू लागले. ३० सप्टेंबरला साउथ शोर भागातल्या एका पाचमजली इमारतीवर मध्यरात्रीनंतर धाड पडली. वर ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर, खाली शेकड्यांनी एजंट. ३७ जणांना अटक झाली आणि जन्माने अमेरिकन असलेल्या रहिवाशांनाही हात बांधून तासन्‌तास बाहेर उभं केलं गेलं. त्यानंतर वस्त्यांनी जे उभारलं ते कुणा पुढाऱ्याच्या डोक्यातून आलेलं नव्हतं. तुटक शिट्ट्या म्हणजे गाडी जवळपास आहे, लांब शिट्टी म्हणजे कुणाला तरी धरत आहेत, हा संकेत पोराटोरांनाही पाठ झाला. शाळा सुटायच्या वेळी आईवडील आणि निवृत्त मंडळी चौकाचौकांत उभी राहू लागली. ज्यांच्या घरचे बाहेर पडायला घाबरत होते त्यांची मुलं दुसऱ्यांच्या आयांनी हाताला धरून घरी पोचवली. सायकलवाल्यांचे गट सकाळी निघायचे आणि तमाले, म्हणजे मक्याच्या पिठाचा वाफवलेला मेक्सिकन पदार्थ, विकणाऱ्या बायकांचा सगळा माल विकत घ्यायचे, म्हणजे त्यांना दिवसभर रस्त्यावर उभं राहायला नको. घेतलेले तमाले मग गरजूंना वाटून टाकायचे. यातली कोणती गोष्ट बेकायदा आहे? तमाले विकत घेणं? दुसऱ्याचं मूल घरी पोचवणं? शिट्टी?

आता पंचाकडे येते. आपल्याकडे पोलीस घराची झडती घेतात तेव्हा त्यांना एकट्याने आत शिरता येत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १०० सांगत होतं की त्याच भागातले दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी बोलवा, त्यांच्या समोर झडती घ्या, जप्तीच्या यादीवर त्यांच्या सह्या घ्या. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हेच कलम १०३ म्हणून आलं आहे. इंग्रजांच्या १८९८च्या संहितेतही ते १०३च होतं. लेखी हुकूम मिळूनही कारण नसताना हजर राहायला नकार देणारा स्वतः गुन्हेगार ठरतो. आणि नव्या संहितेचं कलम १०५ झडतीचं चित्रीकरण करायला सांगतं, शक्यतो मोबाइलवर. म्हणजे शिकागोतली माणसं आपणहून जे करत आहेत ते आपल्या कायद्याने सरकारवरच बंधनकारक केलेलं आहे : शेजाऱ्याला दारात उभं करा आणि फोनवर चित्रण करा. प्रत्यक्षात आपल्याकडे पोलिसांच्या खिशातलेच ठरलेले पंच प्रत्येक पंचनाम्यावर सह्या करतात, हे मला माहीत आहे. पण पंच विकला जातो यावरूनच कळतं की पंच असण्याला किंमत आहे. परक्या सत्तेलासुद्धा हे पटलं होतं की बळ वापरणाऱ्याच्या शब्दाला बळ न वापरणाऱ्या माणसाची साक्ष जोडलेली हवी.

अमेरिकेत असं कलम नाही. पण शिकागो ज्या सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयाखाली येतं त्याने २०१२मध्ये स्पष्ट केलं की सार्वजनिक जागी काम करणाऱ्या पोलिसांचं ध्वनिमुद्रण करणं हा पहिल्या घटनादुरुस्तीने राखलेला हक्क आहे. त्यामुळे शिट्टी ऐकून फोन घेऊन धावणारी बाई हक्क बजावते आहे. तिला 'अडथळा' म्हणणाऱ्यांनी अडथळा कशाचा ते सांगावं. अटकेचा, की अटक कशी झाली हे कळू न देण्याचा?

विरोधी बाजूचे मुद्दे मात्र हलके नाहीत. पहिला रांगेचा. आमच्या ग्रुपवर सगळ्यांत कडू लिहिणाऱ्या काकांना मी वीस वर्षं ओळखते. रोजगारावरची जेवढी ग्रीन कार्डं दरवर्षी निघतात त्यांतली साधारण सात टक्क्यांहून जास्त कुठल्याही एका देशाला मिळत नाहीत. भारतासारख्या देशाला हा नियम दशकांची रांग लावतो. काकांची मुलगी एकविसाव्या वर्षी त्यांच्या अर्जावरून बाद झाली आणि तिला विद्यार्थी व्हिसावर जावं लागलं. आईच्या शेवटच्या आजारात, परत येताना व्हिसाचा शिक्का मिळेल की नाही या भीतीने ते भारतात गेले नाहीत. अशा माणसाने 'आम्ही नियम पाळले त्याचं काय?' असं विचारलं तर त्याला दुष्ट म्हणणं हा अन्याय आहे आणि दुसऱ्या तटाने तो केला. पण काकांच्या दुःखाचं कारण लिटल व्हिलेजमधली तमालेवाली आहे का? सात टक्क्यांचा नियम तिने केला नाही. तिला हाकलल्याने रांग एका माणसानेही पुढे सरकत नाही, कारण ती त्या रांगेत नव्हतीच. तिच्यासारखीला उभं राहायला रांगच ठेवलेली नाही. काकांची तक्रार खरी आहे, पण ती कायद्याविरुद्धची तक्रार आहे, शेजारणीविरुद्धची नाही.

आणि आपली कागदपत्रं म्हणजे दगडी भिंत, हा समज किती टिकाऊ आहे? १९ सप्टेंबर २०२५, शुक्रवार. मिडवे ब्लिट्झला दोन आठवडेही झाले नव्हते. त्या संध्याकाळी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली आणि रविवारपासून लागू, असं सांगण्यात आलं. हाच ग्रुप रात्रभर जागा होता. कुणाचा नवरा पुण्यात, कुणाची बायको नागपुरात, कंपन्यांचे ईमेल की चोवीस तासांत परत या, कुणी सुटायच्या बेतात असलेल्या विमानातून उतरलं. शुल्क फक्त नव्या अर्जांना आहे हा खुलासा दुसऱ्या दिवशी आला, पण त्या रात्री 'कायदेशीर' या शब्दाचा आधार कुणालाच वाटला नव्हता. जन्मसिद्ध नागरिकत्वावरचा २० जानेवारी २०२५चा आदेशही वाचून पाहावा. न्यायालयांनी तो रोखला म्हणून. नाहीतर त्याच्या शब्दांप्रमाणे एच-वन-बीवरच्या आईबापांच्या पोटी इथे जन्मलेलं बाळही नागरिक ठरत नव्हतं.

हे पहिल्यांदा घडत नाहीये. १९२३मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद खटल्यात हिंदी, म्हणजे भारतीय, माणूस 'गोरा' नाही, म्हणून नागरिकत्वाला पात्र नाही असा निकाल दिला. त्यावर सरकार थांबलं नाही. ज्यांना आधीच रीतसर नागरिकत्व मिळालं होतं अशा पन्नासहून अधिक हिंदी माणसांच्या मागे लागलं. त्यांच्या कागदांत एक अक्षराची चूक नव्हती. थिंदचे वकील होते सखाराम गणेश पंडित, अहमदाबादेत जन्मलेले, १९१४मध्ये अमेरिकन नागरिक झालेले आणि कॅलिफोर्नियात वकिली करणारे. त्यांचंही नागरिकत्व काढायला सरकारने दावा लावला. पंडित १९२६मध्ये अपिलात जिंकले, पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा अर्ज ऐकायला नकार दिला आणि बाकीच्यांवरची मोहीम थंडावली. आपल्या मंडळांच्या स्मरणिकांत यशस्वी उद्योजकांचे फोटो असतात, सखाराम पंडितांचा मी कधी पाहिला नाही. त्यांना ठाऊक होतं की दुसऱ्याच्या दाराशी आलेला माणूस पुढच्या फेरीला कुठे येतो.

दुसरा मुद्दा राज्याच्या अधिकाराचा. देशाला सीमा असतात आणि कोण आत राहील हे ठरवण्याचा अधिकार राज्याला असतो, हे मी मान्य करते. पकडलेल्यांत खरोखरच हिंसक गुन्हे केलेले लोक आहेत, हेही. पण मग कोण पकडलं जातंय ते सरकारी आकड्यांतूनच पाहू. नोव्हेंबर २०२५मध्ये शिकागोच्या न्यायालयात सरकारने पकडलेल्या ६१४ जणांची यादी दिली. त्यांतल्या १६ जणांपुढे सरकारने सार्वजनिक सुरक्षेला मोठा धोका असल्याची खूण केली होती. सोळा. ही यादी अशा अटकांची होती ज्या २०२२च्या एका न्यायालयीन तडजोडीचा भंग करून, वॉरंटशिवाय, झाल्या असण्याची शक्यता होती. म्हणजे 'कायदा म्हणजे कायदा' हे वाक्य गणवेशातल्या माणसालाही ऐकवायला हवं. आइसचे एजंट बहुतेक वेळा जो कागद दाखवतात त्यावर न्यायाधीशाची सही नसते, खात्यातल्याच अधिकाऱ्याची असते. त्या कागदावर घरात जबरदस्तीने घुसता येत नाही, हा झडतीपासून संरक्षण देणाऱ्या चौथ्या घटनादुरुस्तीचा आजवर मानला गेलेला अर्थ. 'सही कुणाची आहे ते दाखवा' असं खिडकीतून ओरडणारा शेजारी राज्याचा अधिकार नाकारत नाही. तो कायद्यात जे लिहिलंय तेवढंच मागतो.

तिसरा मुद्दा सगळ्यांत बळकट आहे, आणि तो ग्रुपवर कुणीच नीट मांडला नाही, म्हणून मी मांडते. कुठला कायदा आपल्या गल्लीत चालू द्यायचा हे जर गल्ली ठरवू लागली, तर उद्या दुसरी गल्ली काय ठरवेल? ४ सप्टेंबर १९०७ला वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात काहीशे गोऱ्यांचा जमाव लाकूड गिरण्यांत काम करणाऱ्या हिंदी मजुरांच्या, बहुतेक शिखांच्या, खोल्यांत घुसला. मारहाण केली, सामान रस्त्यावर फेकलं, माणसांना नगरभवनाच्या तळघरात कोंडलं. काही दिवसांत आपली सगळी माणसं गाव सोडून गेली आणि शिक्षा कुणालाच झाली नाही. त्या जमावालाही वाटत होतं की आपण आपली वस्ती वाचवतोय. मोहल्ल्याचं रक्षण हा शब्द त्यांच्याही तोंडी शोभला असता. मग शिकागोची शिट्टी आणि बेलिंगहॅमचा जमाव यांत फरक काय? 'आमचा हेतू चांगला' हे उत्तर पुरत नाही. हेतू सगळ्यांचेच आपापल्या लेखी चांगले असतात.

माझं उत्तर असं. जमाव स्वतः निवाडा करतो आणि स्वतःच अंमल करतो. पंच यातलं काहीच करत नाही. तो बळ वापरणाऱ्याला उजेडात आणतो आणि त्याच्याच नियमाला बांधतो. बेलिंगहॅमला जमाव दुबळ्यांच्या दारावर होता आणि पोलीस बघत होते. शिकागोत बंदुका सरकारकडे आहेत आणि लोक बघत आहेत. एखाद्या वस्तीची कृती पारखायची तर मी तीन गोष्टी विचारीन. ती उघडपणे होते का, तोंड न झाकता? हातात शस्त्र नाही ना? आणि तिच्यामुळे निर्णय न्यायालयाकडे जातो, की न्यायालयाच्या हातून काढून घेतला जातो? या कसोटीत माझ्याच बाजूची काही माणसंही नापास होतात. सरकारी गाड्यांवर दगड टाकणारे, एजंटांच्या घरांचे पत्ते पसरवणारे नापास होतात. त्यांनी बेलिंगहॅमचा रस्ता धरलाय, फक्त दिशा उलटी.

या कसोटीवर मला अवघड जाणारं उदाहरण ग्लासगोचं आहे. १३ मे २०२१ला, ईदच्या दिवशी, केनमुर स्ट्रीटवरून ब्रिटिश इमिग्रेशनच्या व्हॅनने दोन भारतीयांना उचललं. एक माणूस व्हॅनखाली जाऊन झोपला, शेकडो शेजारी भोवती बसले, 'हे आमचे शेजारी आहेत, त्यांना सोडा' असं म्हणत राहिले. आठेक तासांनी स्कॉटलंडच्या पोलिसांनी दोघांना सोडून दिलं. ही नुसती साक्ष नव्हती, हा उघड अडथळा होता. मी त्याला सत्याग्रहात बसवते : निःशस्त्र, उघड, परिणाम भोगायला तयार, आणि शेवटी निर्णय पोलिसांनीच घेतला. तरी हे रोजचं हत्यार होऊ नये असं मला वाटतं.

असं वाटण्याला इतिहासातलं एक कारण आहे. १८५०च्या अमेरिकन कायद्याने पळून आलेल्या गुलामाला उत्तरेकडच्या राज्यांतून पकडून परत नेता येत होतं. ज्यूरी नाही, पकडलेल्याची स्वतःची साक्ष ग्राह्य नाही, आणि आयुक्ताने त्याला परत पाठवलं तर फी दहा डॉलर, सोडलं तर पाच. गुलाम आणि व्हिसा नसलेला माणूस यांची तुलना मी करत नाही. एकाचं आयुष्य चोरलेलं होतं, दुसऱ्याने नियम मोडला आहे. मला साम्य दिसतं ते कायद्याने साक्षीची धास्ती घेण्यात. १८५४मध्ये बोस्टनमध्ये अँथनी बर्न्सला पकडलं तेव्हा त्याच्या बाजूच्या लोकांनी न्यायालयाच्या दारावर हल्ला चढवला. एक पहारेकरी मेला आणि बर्न्स आतच राहिला. आठवडाभराने सैनिकांच्या गराड्यात त्याला बंदरावर नेलं, तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा हजारो लोक उभे होते आणि इमारतींवर काळं कापड लावलेलं होतं. बर्न्स गेला. पण ज्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं त्यांनी पुढच्याच वर्षी राज्याचा कायदा बदलून घेतला, आणि त्यानंतर मॅसॅच्युसेट्समधून एकही माणूस गुलामीत परत गेला नाही. दारावरच्या धडकेने जे झालं नाही ते रस्त्यावरच्या डोळ्यांनी केलं.

'पण जीव जातो त्याचं काय?' असं एका आईने ग्रुपवर विचारलं होतं, आणि जानेवारी २०२६मध्ये तिची भीती खरी ठरली. मिनियापोलिसमध्ये ७ तारखेला गाडीत बसलेल्या एका आईला आणि २४ तारखेला फोनवर चित्रण करणाऱ्या एका नर्सला केंद्राच्या एजंटांनी गोळ्या घालून मारलं. दोघंही ३७ वर्षांचे, दोघंही अमेरिकन नागरिक. त्यानंतर मी कुणालाही 'बाहेर ये' असं हक्काने सांगू शकत नाही. मी स्वतः जाते, आणि माझ्या मुलाने जाऊ नये असं मला वाटतं. या विसंगतीवर माझ्याकडे उत्तर नाही. पण हेही खरं की दोन्ही वेळा सरकारने मेलेल्यांनाच हल्लेखोर ठरवलं आणि दोन्ही वेळा शेजाऱ्यांच्या फोनमधल्या चित्रणाने ती कहाणी उघडी पाडली. शिकागोतही सरकारी कहाण्या टिकल्या नाहीत. ब्रायटन पार्कमध्ये एजंटाच्या गोळ्यांनी जखमी झालेल्या बाईवर सरकारने उलट हल्ल्याचा आरोप ठेवला होता, तो नोव्हेंबर २०२५मध्ये मागे घ्यावा लागला. लिटल व्हिलेजमध्ये अश्रुधूर सोडण्याआधी आपल्याला दगड लागला होता असं सांगणाऱ्या ग्रेगरी बोव्हिनो या वरिष्ठ अधिकाऱ्याने ते खोटं असल्याचं कबूल केलं, अशी नोंद न्यायाधीश सॅरा एलिस यांनी केली. त्यांचा मनाईहुकूम फार व्यापक आहे म्हणून अपील न्यायालयाने स्थगित केला; ती नोंद मात्र राहिली. चित्रण नसतं तर खरं म्हणून काय उरलं असतं?

हे सगळं मी मराठीत का लिहितेय? ५ फेब्रुवारी २०२५ला हातापायांत बेड्या घातलेले १०४ भारतीय घेऊन अमेरिकन लष्करी विमान अमृतसरला उतरलं, त्यांत महाराष्ट्राचे तिघं होते. आपल्याकडच्या चॅनेलांवर बेड्यांबद्दल संताप झाला. त्याच वर्षी जूनमध्ये मीरा रोडला गवंडीकाम करणाऱ्या मुर्शिदाबादच्या एका भारतीयाला बांगलादेशी समजून पोलिसांनी उचललं. घरच्यांनी कागदपत्रं पाठवूनही सीमा सुरक्षा दलाने त्याला सीमेपार ढकललं. पश्चिम बंगाल सरकारने धडपड केल्यावर तो परत आला. आणि १९९८च्या जुलैत, युतीच्या राज्यात, मुंबईतले बंगाली बोलणारे मजूर पोलीस बंदोबस्तात हावडा गाडीत बसवून पाठवले गेले तेव्हा उलुबेरियाला स्थानिक आमदाराच्या नेतृत्वाखाली जमावाने गाडी अडवून त्यांना उतरवून घेतलं. माझ्या कसोटीत ते पुरतं बसत नाही. पण उलुबेरियापर्यंत जाण्याची वेळ का आली? मुंबईत, त्यांच्या चाळीत, झोपडपट्टीत, जिथे ती माणसं राहत होती, तिथे एकाही मराठी शेजाऱ्याला कागद बघायला मागावासा वाटला नाही का? की वाटला, आणि विचारायचं कसं हे त्याला माहीत नव्हतं?

ग्रुप पुन्हा सुरू झाला आहे. काकांनी मला वेगळा मेसेज करून विचारलं, एजंटाच्या हातातला कागद न्यायाधीशाचा आहे की खात्याचा, हे ओळखायचं कसं. मी त्यांना लिहिलं : वरती न्यायालयाचं नाव आहे का बघा, खाली सही न्यायाधीशाची आहे का बघा, नाव आणि पत्ता बरोबर आहे का बघा, आणि दार न उघडता खिडकीला लावून दाखवायला सांगा. त्यांनी ते मराठीतून मोठ्या अक्षरांत टाइप करून मागितलं आहे, शेजारच्या घरी भाड्याने राहणाऱ्या ग्वाटेमालाच्या कुटुंबाला इंग्रजी येत नाही, त्यामुळे गाडी आली तर ते काकांनाच हाक मारतील म्हणून.